थंडीच्या तोंडावर घर: वाचकांचे प्रश्न

पाचगणीहून एक वाचक विचारतात: आमचं घर पत्र्याचं आहे. पावसाळ्यात थेंबभर गळत नाही, पण डिसेंबरात पहाटे पत्र्यातून पाणी टपकतं, अंथरूण ओलं होतं. सगळ्या स्क्रूंवर डांबर लावून झालं. पाणी येतं कुठून?

तुमच्याच घरातून. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे फेकत राहतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो. घरातली दमट हवा त्याला लागली की खालच्या बाजूला दव धरतं. चार माणसांचा श्वास, आत दोरीवर टाकलेले कपडे आणि स्वयंपाकाचा गॅस हे त्या दमटपणाचे मूळ. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं, हे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही.

पहाटे टॉर्च मारून बघा. फक्त स्क्रूच्या भोकाशी ओल असेल तर ती गळती. पन्हळीच्या खालच्या कडेला थेंब ओळीने लटकलेले दिसले तर ते दव. हे थेंब उतारावरून घरंगळत पर्लिनपाशी, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या आधारापाशी, येऊन अडतात आणि तिथेच पडतात, म्हणून रोज एकाच उशीवर पाणी. डांबराचा इथे काही उपयोग नाही.

उपाय दोन, आणि दोन्ही लागतात. एक, दमट हवेला वाट. आढ्याखाली दोन्ही टोकांच्या भिंतींत समोरासमोर जाळीचे झरोके ठेवा, आणि स्वयंपाक उरकल्यावरही एक्झॉस्ट पंधरा मिनिटं चालू राहू द्या. दोन, पत्र्याच्या खालच्या बाजूला दहा मिलिमीटरची, एका बाजूला अॅल्युमिनियमची चमक असलेली एक्सएलपीई (प्लॅस्टिक फोमची) शीट चिकटवा. पत्रा कोरडा हवा, त्यामुळे हे काम दुपारी करा. गंज तारेच्या ब्रशने घासून काढा. जोडांवर अॅल्युमिनियम टेप हवीच. एक जोड उघडा राहिला तर हवा शीटच्या मागे शिरते, दव तिथे धरतं आणि पत्रा आतून सडतो. थर्मोकोलचं छत आम्ही सुचवत नाही. ते पेट घेतं, आणि फटींतून वर गेलेली वाफ पाणी होऊन त्यावरच साचते.

मेढ्याजवळचे वाचक: दगड-मातीचं जुनं घर, लाकडी खिडक्या. गार वारा येतो. दिवाळीत सिलिकॉन भरलं, जानेवारीत पुन्हा फटी पडल्या.

पावसात फुगलेलं लाकूड तेव्हा पुरतं वाळलेलं नव्हतं. महाबळेश्वर-जावळीच्या पट्ट्यात पाऊस इतका की लाकूड आणि भिंती वाळायला नोव्हेंबर जातो. डिसेंबरात फटी पूर्ण उघडू द्या, मग भरा. वारा कुठून येतो ते उदबत्तीच्या धुराने कळतं: चौकटीच्या कडेने हळू फिरवा, धूर आडवा झाला की ती जागा खडूने खुणावा. झडप आणि चौकट यांच्यामध्ये फोमची चिकटपट्टी पुरते. चौकट आणि भिंत यांच्यातल्या रुंद फटीत आधी सुतळी दाबून भरा, वरून सीलंट. नुसतं सीलंट खोल भरलं की ते ताणाने फाटतं. दाराखाली पोत्याची गुंडाळी चालते, त्यासाठी खर्च कशाला?

भिंतीचंही बघा. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त उष्णता बाहेर सोडते, शिवाय वाळतानाही गारवा देते. पावसाळी प्लॅस्टिक अजून बांधलेलं असेल तर आधी ते काढा. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंट नको, ओल आत अडकते. चुना लावा.

वाईचे वाचक: रात्री खोलीत कोळशाची शेगडी ठेवून दार लावलं तर चालेल का? गॅस गिझर बाथरूममध्ये बसवावा का?

दोन्हीला नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणून कोळसा निर्धोक वाटतो, तेव्हाच तो सर्वात धोक्याचा. डोकं दुखतंय, मळमळतंय, पाय लटपटतायत असं वाटलं की आधी बाहेर मोकळ्या हवेत या, मग डॉक्टर. गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या जागी बसवा. गरम पाणी पाइपने आत न्या. वर सांगितल्याप्रमाणे खिडक्या-दारांच्या फटी बुजवताना स्वयंपाकघराचा झरोका मात्र कधीही बुजवू नका.

साताऱ्यातील वाचक: छतावर २०० लिटरचा काचनळ्यांचा सोलर आहे. हिवाळ्यात पाणी कोमट येतं.

आधी सावली तपासा. २२ डिसेंबरच्या सुमारास साताऱ्यात भर दुपारीही सूर्य सुमारे ४९ अंशांवरच असतो. दक्षिणेला नळ्यांपेक्षा तीन मीटर उंच टाकी असेल तर तिची सावली दुपारी अडीच मीटरच्या पुढे जाते, सकाळ-संध्याकाळ आणखी लांब. सकाळी नऊ आणि दुपारी तीन वाजता वर जाऊन बघा.

मग नळ्या बघा. प्रत्येक नळीच्या बंद टोकाशी आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो दुधाळ पांढरा झाला असेल तर त्या नळीतली निर्वात पोकळी गेली, ती बदला.

शेवटी पाइप. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपमध्ये दर मीटरला सुमारे पाव लिटर पाणी उभं असतं. पंधरा मीटरचा पाइप म्हणजे जवळपास चार लिटर गार पाणी आधी सोडावं लागतं. त्यावर रबरी फोमची नळी चढवा आणि उन्हाने ती कुजू नये म्हणून वरून अॅल्युमिनियम टेप गुंडाळा.

महाबळेश्वरहून: वेण्णा तलावाकडे हिमकण दिसतात. आमच्या नळाचे पाइप फुटतील का?

नाही. गवताची पाती आणि गाड्यांचे टप निरभ्र रात्री हवेपेक्षा गार होतात, त्यावरचं दव गोठतं. पाण्याने भरलेला पाइप इतक्या थोड्या तासांत गोठत नाही.

कोरेगावहून: खोलीसाठी २००० वॉटचा हीटर घेतला आहे. बोर्ड गरम होतो.

हा हीटर जवळपास ९ अँपिअर ओढतो. मोबाइलचा चार्जर लावता त्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर किंवा एक्स्टेंशनवर तो लावूच नये. १६ अँपिअरचा पॉइंट, अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि अर्थिंग हवं. प्लग काढून पिना बघा. एखादी काळपट झाली असेल तर सॉकेटच बदला.