दूध उतू गेल्यानंतर : लघुपटातील ताणाविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : माझ्या नऊ मिनिटांच्या लघुपटात आजींच्या घरी गॅस गळतो आणि शेवटी त्या थोडक्यात वाचतात. पाहणाऱ्यांना मात्र ताण जाणवत नाही. असे का?

उत्तर : गळती असल्याचे आपण प्रेक्षकालाही शेवटच्या मिनिटापर्यंत कळू दिलेले नाही, हेच त्याचे कारण दिसते. रहस्यपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांना १९६२ साली दिलेल्या मुलाखतीत हा भेद नेमका सांगितला आहे : टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो, पण तो तेथे आहे हे आधीच ठाऊक असेल तर समोरच्या निरर्थक गप्पाही पंधरा मिनिटे जीव टांगणीला लावतात. म्हणून दूध उतू जाऊन ज्योत विझली आहे आणि शेगडीचे बटण चालूच राहिले आहे, हे पहिल्याच मिनिटाला क्लोज-अपमध्ये दाखवावे. मग आजी देवघरात बसून वाती वळतात, निरांजनात तूप घालतात, काडेपेटी चाचपतात, हे सारे एकाच शॉटमध्ये, घाई न करता घडू द्यावे. काडेपेटी रिकामी निघावी आणि दुसरी ओट्यावर आहे हे त्यांना आठवावे. मध्ये शेगडी पुन्हा दाखवण्याचा मोह आवरावा, कारण प्रेक्षक तिला विसरलेला नसतो. आजींना वास कसा आला नाही, ही शंका मात्र कोणीतरी काढणारच. एलपीजीत गळती कळावी म्हणूनच उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. तेव्हा त्यांची सर्दी आरंभीच दिसू द्यावी.

प्रश्न : संगीत वाढवले तर?

उत्तर : वाढवू नये, शक्य तर काढूनच टाकावे. त्या खोलीत गॅसचा बारीक फुसफुसाट आणि पंख्याची घरघर एवढे पुरे आहे. वीज जाऊन पंखा थांबला की तोच फुसफुसाट मोठा वाटेल. चित्रीकरण आटोपल्यावर सर्वांना गप्प बसवून रिकाम्या खोलीचा आवाज अर्धा-एक मिनिट स्वतंत्र ध्वनिमुद्रित करावा, अन्यथा संकलनात प्रत्येक जोड ऐकू येतो.

प्रश्न : शेवटाकडे शॉट आखूड करत न्यावेत, असे शिकवले जाते. हे बरोबर आहे का?

उत्तर : आरंभीचे शॉट पुरेसे लांब असतील तरच. जो ठेका प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेला नाही, तो मोडल्याचे त्याला कळत नाही. क्रिस मार्कर यांचा १९६२ चा ‘ला जेते’ हा सुमारे २८ मिनिटांचा लघुपट जवळजवळ संपूर्णपणे स्थिरचित्रांचा आहे. त्यात एकदाच, झोपलेली स्त्री डोळे उघडते तेव्हा, चित्र काही क्षण हलते; एरवी कोणाच्या लक्षातही न येणारी ती पापण्यांची उघडझाप तेथे अंगावर काटा आणते.

प्रश्न : शेवटी कलाटणी हवीच का?

उत्तर : नाही. आणि द्यायचीच असेल तर तिची पूर्वसूचना चित्रणातच असली पाहिजे. अँब्रोज बिअर्स यांच्या कथेवर रोबेर एन्रिको यांनी केलेल्या लघुपटात फाशीचा दोर तुटून कैदी निसटतो आणि घराकडे धावतो, परंतु पत्नीच्या दिशेने धावतानाची तीच ती दृश्ये पुन्हा येतात आणि अंतर काही सरत नाही. सुटका केवळ मनातली आहे, हे संकलनाने आधीच सुचवलेले असते. म्हणून शेवटी लटकणारा देह दिसतो तेव्हा फसवले गेल्याची भावना होत नाही. आपल्या आजींना मात्र वाचू द्यावे.