गाळा सोडा, पण त्या कागदावर सही नको

प्रश्न : नवी मुंबईत हार्बर मार्गावरच्या एका स्थानकावर जे व्यापारी संकुल आहे, त्यात दुसऱ्या मजल्यावर १९९८ पासून माझं शिवणकामाचं दुकान आहे. भाडेपावत्या आहेत, करारनामा नाही. महापालिकेने इमारत सी-१ म्हणजे अतिधोकादायक ठरवून गाळे रिकामे करायला सांगितलंय. मालक म्हणतात, आधी ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर सही करा, नवी इमारत झाली की गाळा परत देतो. करू का?

उत्तर : ताई, सही करू नका. आज तुम्ही भाडेकरू आहात. त्या कागदाने तुम्ही केवळ परवानाधारक ठराल आणि मुदत संपली की हातात काहीच राहणार नाही. मालक भला माणूस असेल, पण उद्या गाळा त्यांच्या वारसांकडे किंवा विकासकाकडे जाईल. ते कागदच बघतील.

गाळा मात्र रिकामा करा. मानखुर्द–वाशी मार्ग १९९२ मध्ये सुरू झाला, त्या काळातल्या संकुलांनी आता तिशी ओलांडली आहे, आणि तीस वर्षांनंतर स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच बंधनकारक आहे. पडत्या स्लॅबखाली हक्कासाठी बसून राहू नका, जीव आधी.

गाळा सोडला की हक्क गेला, ही भीती मी पुष्कळ दुकानदारांकडून ऐकतो. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहा रतनसी खिमजी प्रकरणात स्पष्ट केलं की महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. पण त्या निकालाचा पाया असा, की भाडेपट्टा इमारतीबरोबर तिच्याखालच्या जमिनीचाही असतो. तुमच्या गाळ्याखाली फलाट आणि रूळ आहेत. मालकांकडे असलाच तर सिडकोचा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा असेल, जमीन त्यांची नाही. समोरचा वकील नेमका हाच मुद्दा काढेल. म्हणून निकालाच्या भरवशावर न राहता लेखी पुरावा आत्ताच उभा करा.

महापालिकेकडे लेखी अर्ज करा : पंचनामा करून माझं नाव, गाळा क्रमांक आणि चटईक्षेत्र नोंदवा. पोच घ्या. मालकांना वकिलामार्फत कळवा की नोटिशीमुळे ताबा सोडते आहे, भाडेकरूहक्क सोडत नाही; या गाळ्याच्या बदल्यात त्यांना जी जागा मिळेल तीत माझा हक्क राहील. त्यांना खरंच गाळा परत द्यायचा असेल तर हेच पर्यायी जागेच्या करारात लिहून, नोंदणी करून द्यावं. नकार दिला, तर हक्क जाहीर करून मागण्यासाठी दावा लावावा लागेल, आणि तो पाडकामाआधी लावलेला बरा.

भाडं थांबवू नका. राग येतो हे समजतं, पण थकबाकी दाखवून मागणीची नोटीस आली आणि ९० दिवसांत पैसे भरले नाहीत, तर बेदखलीचं कारण तुम्हीच त्यांच्या हाती दिलंत. पावती देत नसतील तर मनिऑर्डर करा किंवा बँकेतून पाठवा.

जुन्या पावत्या, वीजबिलं, गुमास्ता परवाना यांच्या प्रती घरी नेऊन ठेवा. वकिलाच्या फीची चिंता असेल तर बेलापूरच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. नोटिशीतली मुदत संपण्याआधी जा.