तो झोपलेला नसतो

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा, मुलगी तीनची. नवरा दारू पिऊन मारतो, पण मुलांसमोर नाही. ती झोपल्यावर, आतल्या खोलीचं दार लावून. हल्ली मुलगा पुन्हा अंथरूण ओलं करतो. शाळेत निघताना पोट दुखतं म्हणतो, तपासणीत काही सापडत नाही. परवा बहिणीला बापासारखीच शिवी दिली. सासूबाई म्हणतात, लाडावलाय. शिस्त कशी लावू?
— एक आई, घणसोली

उत्तर : ताई, तो झोपलेला नसतो. आपल्याकडच्या घरांत आतल्या खोलीतला आवाज बाहेर येतोच, आणि सकाळी आईचा सुजलेला गालही दिसतो. नवऱ्याची यायची वेळ झाली की मुलाकडे बघा. टीव्ही बारीक करतो का? लिफ्टचं दार वाजलं की बहिणीला जवळ ओढतो का? अशी मुलं कुलपात किल्ली कशी फिरते यावरून रात्र कशी जाणार ते ओळखतात. रात्रभर कान देऊन पडलेल्या पोराचं पोट सकाळी खरंच दुखतं. त्यात आणखी एक धास्ती असते : मी शाळेत गेलो आणि मागे आईला काही झालं तर?

म्हणून आधी चादर मुकाट्यानं बदला, ओरडू नका. बहिणीवर हात उगारला तर अडवा, पण ‘बापावर गेलास’ हे कृपा करून म्हणू नका. या वयाची मुलं भांडणाचा दोष स्वतःकडे घेतात, म्हणून त्याला जवळ घेऊन स्पष्ट सांगा : तुझ्यामुळे होत नाही, आणि सोडवायला मध्ये पडायचं नाही. बहिणीला घेऊन कुठल्या काकूंकडे जायचं ते त्या काकूंशी आजच बोलून ठेवा. पोलिसांचा 112 आणि मुलांसाठीचा 1098 त्याच्याकडून पाठ करून घ्या.

आता तुमच्याविषयी, कारण मला खरी काळजी तीच आहे. शिस्त त्याला नाही, मार थांबवायला हवा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने, घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तुम्हाला तिथे राहायचा हक्क आहे. मारहाणीला मनाई आणि मुलांचा तात्पुरता ताबा, दोन्ही दंडाधिकाऱ्यांकडे मागता येतं. अर्जासाठी याच कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी मदत करतात. त्यांच्यापर्यंत कसं पोचायचं ते महिलांसाठीच्या 181 या हेल्पलाइनवर विचारा, फोन नवरा घरी नसताना करा. अंगावर मार असेल तर सरकारी रुग्णालयात जा. ‘बाथरूममध्ये पडले’ म्हणू नका, खरं कारण लिहून घ्यायला लावा. केसपेपर घरात नको, माहेरी ठेवा.