जुन्या गीझरच्या तळातून पाणी ठिबकत आहे. गळती नेमकी कुठून आहे हे कसे ओळखावे आणि ती दुरुस्त होऊ शकते का?

तुमचा गीझर 25 लिटरचा, साठवणीचा आणि बारा वर्षे वापरलेला आहे, खालच्या झाकणाच्या कडेने थेंब पडतात आणि दुरुस्तीला आलेल्या कारागिराने ते झाकण न उघडताच ‘टाकी गेली, नवीन घ्या’ असे सांगितले, असे तुम्ही लिहिले आहे. टाकी खरोखरच गेलेली असू शकते, पण झाकण न काढता हा निष्कर्ष कोणालाही काढता येणार नाही. गीझरमध्ये पाणी जिथे दिसते तिथूनच ते निघालेले असते असे नाही. वरच्या सांध्यातून निघालेला ओघळही इन्सुलेशनमधून झिरपत तळाशी येतो आणि तिथूनच थेंब पडतो.

झाकणाला हात लावण्यापूर्वी एमसीबी (वीजपुरवठा तोडणारी बटणपेटी) खाली करा आणि शक्य असेल तर प्लगही काढून ठेवा. त्या झाकणाखाली थर्मोस्टॅटच्या, म्हणजे तापमान नियंत्रित करणाऱ्या भागाच्या, उघड्या जोडण्या असतात आणि पाणी नेमके त्यांच्याच जवळून वाहत असते. गळती थांबेपर्यंत गीझर सुरू करायचा नाही, ‘दहाच मिनिटे’ म्हणूनसुद्धा नाही.

पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा तो असा की गीझर सुरू असताना, म्हणजे आजवर, पाणी केव्हा ठिबकत होते? केवळ पाणी तापत असताना आणि तेही थंड पाण्याच्या नळीवरील सेफ्टी व्हॉल्व्हच्या (जादा दाब बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या) तोटीतून थेंब पडत असतील, तर ती बहुधा गळती नव्हेच. 25 लिटर पाणी 20 अंशांवरून 65 अंशांपर्यंत तापले की ते सुमारे साडेचारशे मिलिलिटरने फुगते, आणि पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमुळे त्याला मागे जाता येत नसल्याने ते या व्हॉल्व्हवाटेच बाहेर पडते. ही तोटी बूच मारून बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. टाकी फुटू नये म्हणून ठेवलेली एकमेव वाट आपण बुजवतो आहोत, हे त्यांच्या लक्षात येत नाही. गीझर थंड असतानाही हा व्हॉल्व्ह ठिबकत असेल तर मात्र त्याच्या आत क्षार अडकले आहेत असे समजावे. असे व्हॉल्व्ह बहुधा 8 बार (बार हे दाबाचे एकक) दाबाला उघडणारे असतात आणि 20 मीटर उंचीवरच्या टाकीचा दाब जेमतेम 2 बार भरतो, तेव्हा पंपाने दाब वाढवला जात नसेल तर थंड अवस्थेत तो उघडण्याचे कारणच नाही. त्याची कळ दोन-तीनदा उचलून पाणी जोरात जाऊ द्यावे आणि तरीही थेंब थांबले नाहीत, तर व्हॉल्व्ह बदलावा.

तुमच्या बाबतीत थेंब झाकणाच्या कडेने पडतात, म्हणून झाकण काढून आतला भाग कोरड्या फडक्याने पुसा आणि वर्तमानपत्राच्या पट्ट्या नळ्यांच्या दोन्ही सांध्यांभोवती आणि एलिमेंटच्या (पाणी तापवणाऱ्या कॉइलच्या) फ्लँजभोवती, म्हणजे ते टाकीला नटांनी जोडणाऱ्या चकतीभोवती, वेगवेगळ्या गुंडाळा. अर्ध्या तासात जी पट्टी सर्वांत आधी ओली होईल, तिथे खरा दोष. डागही बरेच सांगतात. पांढरा खरखरीत पापुद्रा म्हणजे सावकाश, दीर्घकाळ पाझरलेला सांधा, तर तांबूस ओघळ म्हणजे गंजलेले लोखंड. मी स्वतः हा साधा प्रयोग टाळून एकदा फ्लँजचे गॅस्केट (सांध्यातली रबरी चकती) दोनदा बदलले आणि दोष मात्र गरम पाण्याच्या निपलवरील (आटे असलेल्या जोडनळीवरील) झिजलेल्या टेफ्लॉन टेपमध्ये निघाला.

बारा वर्षांच्या गीझरमध्ये माझा पहिला संशय गॅस्केटवरच जाईल. बदलण्यासाठी आधी टाकी रिकामी करावी लागते आणि इथेच बहुतेकांची फसगत होते, कारण गरम पाण्याचा नळ उघडल्याने ती रिकामी होत नाही. बाहेर जाणाऱ्या नळीचे तोंड टाकीत अगदी वर असते. म्हणून थंड पाण्याचा कॉक बंद करून तिकडचा सांधा सोडवावा आणि गरम नळ हवा आत जाण्यापुरता उघडा ठेवावा. तरीही फ्लँज सोडवताना तळातले उरलेले पाणी गाळासकट खाली येईल, तेव्हा बादली ठेवा. वायरींचा फोटो काढूनच त्या सोडवा. जुने गॅस्केट बोटांनी वाकवून पाहा. रबर प्लास्टिकसारखे कडक झाले असेल आणि वाकवताना बारीक भेगा उघडत असतील, तर दोषी सापडला. फ्लँज बसण्याची जागा घासून क्षारमुक्त करावी, त्याच मापाचे गॅस्केट बसवावे आणि नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत. एकच बाजू आधी घट्ट केली तर नवे रबरही पाझरते. एवीतेवी उघडले आहेच तर मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड, म्हणजे टाकीऐवजी स्वतः झिजणारी कांडी, पाहा. त्याची नुसती तार उरली असेल तर तोही बदला, कारण तो संपल्यावर गंज थेट टाकीला लागतो. नंतर गरम नळातून सलग धार येईपर्यंत टाकी भरल्याशिवाय वीज सुरू करू नका, नाहीतर एलिमेंट कोरडे जळेल.

सर्व पट्ट्या कोरड्या राहिल्या आणि तांबूस पाणी इन्सुलेशनमधूनच झिरपत असेल, तर कारागिराचे म्हणणे खरे होते. गंजलेल्या टाकीवर बाहेरून लावलेला एम-सील (भेगा बुजवण्याचा लांबी) किंवा दिलेला झाळ आतल्या दाबापुढे टिकत नाही, त्यामुळे गीझर बदलणे हाच उपाय. उतरवण्यापूर्वी मात्र टाकी वर सांगितल्याप्रमाणे रिकामी करा. आतल्या पाण्याचेच वजन 25 किलो असते आणि शिडीवर उभ्या असलेल्या माणसाला ते पेलत नाही.