एफडी मोडून दहा गीर गाई? काका, जरा थांबा

काका, तुमचा मेल वाचला, म्हणजे रिटायर झालात, 22 लाखांच्या एफडी आहेत, सांवेरकडची चार बिघे जमीन बटाईने दिलेली आहे आणि एफडीतले 12 लाख मोडून दहा गीर गाई घ्यायच्या, शेड टाकायची आणि इंदूरात घरोघरी 80 रुपये लिटरने दूध घालायचं, काकू नको म्हणतायत. मी बऱ्यापैकी काकूंच्या पार्टीत आहे.

हिशोब बघा. दहा गाई म्हणजे दहा दुभत्या गाई नव्हे, देशी गाय वेताचे महिने संपले की भाकड राहते, एका वेळी सहा दूध देतील असं धरा. वरून वासरू लावल्याशिवाय ती पान्हा सोडत नाही आणि वासराचा वाटा काढला की विकायला 30 लिटर उरतं. सगळं 80 नेच गेलं तर महिन्याला 72 हजार. दिवसाला गाईमागे दीडशेचा चारा-पेंड धरली तरी 45 हजार तिथेच, माणूस 15 हजार, डॉक्टर-वीज-पेट्रोल 10 हजार, हातात दोन हजार. त्याच 12 लाखांवर 7 टक्क्यांनी महिन्याला 7 हजार व्याज घरबसल्या मिळतं! आणि उरलेलं दूध डेअरीला फॅटवर, म्हणजे मलईच्या टक्क्यावर ठरणाऱ्या कमी भावाने घालावं लागलं तर खिशातून जाणार.

ए2 (देशी गाईच्या दुधातलं एक प्रोटीन) नावावर जास्त भाव मिळेल म्हणता, पण 2024 च्या ऑगस्टमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे खाद्यपदार्थांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ए1-ए2 चे दावे पाकिटावरून काढायला सांगितलं आणि थोड्याच दिवसांत तो आदेश मागे घेतला, अशा गोष्टीवर पेन्शनचा पैसा कोण लावतं.

आता खरी अडचण. फ्लॅट विकता येतो, म्हाताऱ्या गाईला गिऱ्हाईक नाही, आपल्याकडे मध्य प्रदेशात 2004 पासून गोवंश वधबंदीचा कायदा आहे आणि ट्रॅक्टर आल्यापासून गोऱ्हा, म्हणजे नर वासरू, कोणी फुकटही नेत नाही. म्हणजे निम्मी वासरं जन्मभर तुमच्याच दावणीला. सेक्स सॉर्टेड सीमेन, म्हणजे मादी वासरू व्हावं म्हणून निवडलेलं वीर्य, वापरलं तर दहात नऊ कालवडी होतात, त्याची चौकशी जनावरांच्या दवाखान्यात करा.

तरी शौक आहे ना, मग दोन माळवी गाई घ्या. आगर-शाजापूरकडची ही जात, दूध गीरपेक्षा बरंच कमी देते, धंदा म्हणून चालणार नाही, पण इथल्या उन्हाची सवय आहे आणि गव्हाचा भुसा, बांधावरचं गवत यावर निभते. बटाईवाल्याकडून भुसा आपल्या वाट्यात धरून घ्या, शेणखत शेतात टाका, युरियाचा खर्च थोडा तरी वाचेल. सव्वा-दीड लाखापेक्षा जास्त यात घालू नका, तेही एफडी न मोडता सेव्हिंगमधून. चारा-पेंडीसाठी बँकेत पशुपालनाचं किसान क्रेडिट कार्ड विचारा, 2 लाखांपर्यंत वेळेवर फेडलं तर व्याज 4 टक्केच पडतं, पण गाय विकत घ्यायला ते नाही मिळत.

आणि सीए कडे जाल तेव्हा सांगा, दुधाची कमाई शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, त्यावर टॅक्स लागतो, बरेच लोक इथेच फसतात. विमा काढताना कानातला टॅग नंबर पॉलिसीशी जुळवून घ्या, टॅग पडला तर लगेच कळवा, नाहीतर क्लेम अडकतो. एक वर्ष दोन गाईंची वही ठेवा, भाकड महिन्यांसकट, ती मला पाठवा, मग गीरचं बोलू.