वाईट बातमी वर कधी कळवायची? मधल्या फळीच्या व्यवस्थापकांची प्रश्नोत्तरे

गोव्यातल्या वेर्णा, कुंडई, पिळर्णच्या कारखान्यांतून आणि कांदोळी-कोलव्याच्या हॉटेलांतून येणाऱ्या पत्रांत शब्द वेगळे असतात, पण दुखणं एकच. वरून दट्ट्या, खालून कुरकुर, आणि मध्ये आपण. बहुतेक पत्रांत आणखी एक गोष्ट सारखी असते, ती म्हणजे सांगायला झालेला उशीर. निवडक प्रश्नांची उत्तरं देते. माझ्यासमोर एकाच बाजूची हकीगत असते, एवढं लक्षात ठेवून ती वाचा.

प्रश्न : कालपर्यंत लाइनवर माझ्याबरोबर असलेले सहाजण आता माझ्या हाताखाली आहेत. त्यातल्या एकाला मी पहिल्यापासून दादा म्हणतो. आता काय म्हणू?

दादाच म्हणा. हाक बदलल्याने कुणी साहेब होत नाही, माणूस मात्र दुखावतो. बदलायच्या त्या गोष्टी वेगळ्या. पहिल्या पंधरवड्यातच सहाही जणांशी एकेकट्याने बसून बोला. मैत्री आहे तशी राहील, पण हजेरी, रजा आणि अप्रेझल यांत सूट मिळणार नाही, हे स्वतःच्या तोंडाने सांगा. त्यांना ते दुसऱ्याकडून कळू देऊ नका. संध्याकाळच्या बैठकीत कुणाचा पगार, कुणाची बढती हे विषय आता तुमच्यासाठी बंद. दादांचं मत निर्णय घेण्याआधी विचारा. निर्णय ठरल्यावर तोंडदेखलं विचारलं तर त्यांना ते लगेच कळेल. नवीन पोरांना मशीनवर तयार करण्याचं काम त्यांच्याकडे द्या आणि ते लेखी द्या, म्हणजे अप्रेझलला त्याचा हिशेब धरता येईल.

प्रश्न : चुकलेल्याला सर्वांसमोर झापलं की बाकीचे सुधारतात, असं आमचे जी.एम. म्हणतात. खरं का?

नाही. जिवावर बेतणारी चूक दिसली तर जागच्या जागी ओरडून थांबवा. बाकी सगळी कानउघाडणी केबिनमध्ये, दार लावून.

प्रश्न : चवथीला सगळ्यांनाच रजा हवी असते. दरवर्षी भांडण होतं आणि मी दोन्हीकडून वाईट ठरतो.

चवथ कोणत्या तारखेला आहे हे कालनिर्णय आलं की कळतं. तरी रोस्टर आदल्या आठवड्यात का लागतं? जूनमध्येच बसा. कुणाचा गणपती दीड दिवसाचा, कुणाचा पाच, कुणाचा सात, हे प्रत्येकाला विचारून लिहून घ्या. पहिले दोन दिवस सगळ्यांनाच मूळ घरी जायचं असतं. तिसऱ्या दिवसापासून दीड दिवसवाले परत येऊ शकतात, आणि बराचसा गुंता इथेच सुटतो. गेल्या चवथीला पाळी कुणी सांभाळली हे त्याच वहीत असू द्या, त्याला यंदा पहिला हक्क द्या. ख्रिस्ती सहकारी चवथीला कामावर उभे राहतात आणि हिंदू नाताळला, ही आपल्याकडची जुनी, चांगली रीत आहे. पण ती गृहीत धरू नका, विचारा. सणाच्या दिवशी काम केल्याचा मोबदला किंवा बदली सुट्टी तुमच्या आस्थापनेत कशी मिळते, ते एच.आर.कडून लेखी घ्या आणि मगच शब्द द्या. तुम्ही दिलेला शब्द खालचे लोक कंपनीचा शब्द समजतात.

प्रश्न : 240 दिवस भरले की कामगार आपोआप कायम होतो, म्हणून त्याआधी चार दिवस ब्रेक द्या, असं कॉन्ट्रॅक्टर सांगतो. ब्रेकच्या कागदावर सही मी करायची आहे.

सही करू नका. ही ऐकीव गोष्ट गोव्यातल्या प्रत्येक वसाहतीत फिरते आणि ती चुकीची आहे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने 240 दिवसांचा हिशेब ठरवला तो सलग एक वर्षाची सेवा मोजण्यासाठी. तेवढे दिवस भरले की कामावरून कमी करताना नोटीस आणि भरपाईचे नियम लागतात. आपोआप कायम कुणी होत नाही. उलट, कायम कामगाराचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षं हंगामी ठेवणं, ही त्याच कायद्याने अनुचित कामगार प्रथा ठरवली होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, तेव्हा जुन्या पाठ नियमांवर विसंबूही नका. ब्रेक कुणाच्या सांगण्यावरून, कशासाठी, हे एच.आर.ला ईमेलने विचारा आणि कामगार कायद्याच्या वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. कॉन्ट्रॅक्टर हा कायद्याचा सल्लागार नव्हे. त्याचं हित त्याच्या बिलात आहे.

प्रश्न : औषधांच्या पॅकिंग लाइनवर रात्रपाळीत काही पाकिटांवर बॅच नंबर पुसट छापला गेला. दिसली तेवढी पाकिटं मी बाजूला काढली. आमचे प्लांट हेड नेहमी म्हणतात, ‘प्रॉब्लेम आणू नका, सोल्यूशन आणा.’ म्हणून कारण शोधून, दुरुस्त करून, मगच कळवावं असं वाटतं. बरोबर ना?

बरोबर नाही. हे वाचत असताना कळवलेलं नसेल तर आधी फोन उचला, बाकीचं नंतर वाचा.

‘सोल्यूशन आणा’ या वाक्याने कारखान्यांचं जेवढं नुकसान केलं आहे तेवढं क्वचितच दुसऱ्या कुठल्या वाक्याने केलं असेल. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, लोकांनी विचार करावा एवढाच. ऐकणारा मात्र त्यातून शिकतो की उत्तर हाती येईपर्यंत गप्प बसायचं. मग तीन तासांत आटपलं असतं ते तीन दिवस भिजत पडतं.

वाईट निरोप देताना माणूस अडखळतो, हा काही तुमचा एकट्याचा दुबळेपणा नाही. 1970 मध्ये रोझेन आणि टेसर या मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोगाने दाखवलं. निरोप चांगला असला की लोक तो चटकन आणि पुरता सांगतात. वाईट असला की थांबतात, गाळतात, आणि त्या बातमीत स्वतःचा काडीचा दोष नसला तरी हेच करतात. निरोप जितक्या पायऱ्या चढतो तितक्या वेळा तो गाळला जातो, आणि त्यातली सर्वांत वर्दळीची पायरी तुमची आहे.

28 जानेवारी 1986 ला नासाचं चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर 73 सेकंदांत फुटलं आणि सातजणांचा जीव गेला. आदल्या रात्री त्याचे बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी बजावलं होतं की एवढ्या थंडीत रबरी सील दगा देतील, साधारण 12 अंश सेल्सिअसच्या खाली उड्डाण नको. त्यांच्याच वरिष्ठांनी दबावाखाली तो सल्ला फिरवला. त्या रात्रीचा वाद नासाच्या मधल्या पायरीवरच राहिला, उड्डाणाचा शेवटचा निर्णय घेणाऱ्यांपर्यंत पोचला नाही. माहिती होती, माहिती असलेली माणसंही होती. ती वर गेली नाही, एवढंच घडलं.

तुमच्या पत्रातलं ‘दिसली तेवढी पाकिटं’ हे मला सर्वांत जास्त खटकलं. पुसट पाकीट एक दिसलं की प्रश्न त्या एका पाकिटाचा उरत नाही. शेवटची चांगली तपासणी कधी झाली, तिथपासूनचा सगळा माल संशयित धरायचा. तो वेगळा ठेवून त्यावर तसं लेबल लावायचं. काय फेकायचं, काय पुन्हा छापायचं हे क्यू.ए., म्हणजे गुणवत्ता पाहणारा विभाग, ठरवील. तो अधिकार ना तुमचा, ना प्लांट हेडचा.

रात्री फोन करायची भीती वाटते ना? मग असा मेसेज तयार ठेवा : ‘2:10 ला लाइन 3 वर छपाई पुसट दिसली. लाइन थांबवली. शेवटची चांगली तपासणी 1:30 ची. त्यानंतरचा सगळा माल वेगळा ठेवून लेबल लावलं. कारण अजून कळलेलं नाही. क्यू.ए.ला कळवलं आहे. 4 वाजता पुन्हा सांगतो.’ यात सोल्यूशन नाही, पण वरच्याला निर्णय घ्यायला लागतं ते सगळं आहे. ‘कारण अजून कळलेलं नाही’ हे लिहायला लाजू नका. आणि 4 वाजता काही नवं नसलं तरी मेसेज टाका, नाहीतर पुढच्या वेळी तुमच्या शब्दावर कुणी थांबणार नाही.

लॉगबुकातली नोंद त्याच वेळी, ज्याने पाहिलं त्याच्याच हातची हवी. सकाळी मागची वेळ टाकून लिहिलेली नोंद औषधाच्या कारखान्यात मूळ चुकीपेक्षा मोठा गुन्हा ठरते. कुणी तसं करायला सांगितलं तर करू नका. क्यू.ए. प्रमुखांना लेखी कळवा, आणि दबाव येत राहिला तर बाहेरच्या वकिलाशी बोला.

आता दुसरी बाजू. तुमच्या खालचा ऑपरेटर तुम्हाला लगेच सांगतो का? एमी एडमंडसन या संशोधिकेला रुग्णालयांच्या पाहणीत आढळलं की चांगल्या गटांत चुकांची नोंद जास्त होती. त्या गटांतली माणसं चुका लपवत नव्हती, हे त्याचं कारण तिने मांडलं. तेव्हा ‘माझ्या पाळीत कधी काहीच होत नाही’ असं अभिमानाने सांगणाऱ्या सुपरवायझरची मला काळजी वाटते. पोरगा येऊन सांगतो तेव्हा तुमचं पहिलं वाक्य ‘बरं झालं लगेच सांगितलंस’ हे असू द्या. दुसरं, ‘लाइन थांबवलीस का?’ कुणी केलं हे उजाडल्यावर विचारा. पहिलंच वाक्य ‘कुणी केलं?’ असं आलं, की पुढची बातमी तुम्हाला क्यू.ए.कडून कळेल.

प्रश्न : पणजीच्या एका हॉटेलात तीन दिवसांचा लीडरशिप कोर्स आहे. व्यक्तिमत्त्व चाचणी, चार अक्षरांचा रिपोर्ट आणि प्रमाणपत्र मिळतं. ‘आज भरलं तर निम्मी फी.’ करू का?

आज भरू नका. ‘आजच’ म्हणणाऱ्याला तुमच्या विचार करण्याची भीती असते. चार अक्षरांच्या ज्या चाचणीबद्दल तुम्ही लिहिता ती मायर्स-ब्रिग्ज असेल, तर ती नोकरभरतीसाठी वापरू नये असं ती पुरवणारी कंपनीच सांगते. काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर अनेकांची अक्षरं बदलतात. त्यावरून टीममधल्या कुणाला कुठलं काम द्यायचं हे तर मुळीच ठरवू नका. शिकायचंच असेल तर आधी वरिष्ठांना विचारा की तुमच्यात नेमकं काय कमी पडतं. मग साखळीच्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटसारख्या संस्थेत त्यावर काही आहे का, याची चौकशी करा.

प्रश्न : टीममधल्या मुलीने विश्वासात घेऊन सांगितलं की एक वरिष्ठ तिला नको ते मेसेज पाठवतात. ‘कुणाला सांगू नका’ म्हणाली. त्या वरिष्ठांशी मीच शांतपणे बोलून मिटवू का?

मिटवू नका. चौकशीही करू नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक कामाच्या ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक आहे, आणि हे काम तिचं आहे. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. समितीला पटलं तर मुदत आणखी तीन महिने वाढते. समझोता हवा असेल तर तो फक्त त्या मुलीने मागायचा, आणि त्यात पैशांची देवाणघेवाण चालत नाही. तिला समितीतल्या सदस्यांची नावं द्या, मेसेज जपून ठेवायला सांगा, लिहायला जड जात असेल तर मदत करा. तक्रार थेट मालकाविरुद्धच असेल, किंवा माणसं दहाहून कमी असतील, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. दडपून ठेवायचं नाही आणि तिच्या मनाविरुद्ध गवगवाही करायचा नाही. यातलं काय कसं करायचं ते समितीवर असलेल्या, कंपनीबाहेरच्या सदस्याला नाव न घेता आजच विचारा. तीन महिने बघता बघता जातात.

प्रश्न : दोन महिने झाले, नीट झोप नाही. रविवारी संध्याकाळपासूनच छातीत धडधडतं. कामाचं नियोजन कसं सुधारू?

नियोजन थांबू द्या. आधी डॉक्टर. छातीची तक्रार आहे म्हणून या आठवड्यातच फिजिशियनला दाखवा, आणि दुखायला लागलं तर तडक इस्पितळात जा. हृदय ठीक निघालं तर बांबोळीच्या मनोविकार संस्थेत ओपीडी आहे. मनावरच्या ताणाबद्दल आधी फोनवरच बोलायचं असेल तर सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर मोफत, दिवसरात्र मिळते. घरातल्या एका माणसाला आजच सांगा. वरिष्ठांना किती सांगायचं ते डॉक्टरांना भेटल्यावर ठरवू, तेव्हा मला पुन्हा लिहा.