एम.ए. पत्रकारिता करावं, की सरळ दैनिकात लागावं?

तुम्ही अंबाजोगाईचे, राज्यशास्त्रात बीए झालंय, आणि विचारताय की संभाजीनगरच्या विद्यापीठात पत्रकारितेचं एम.ए. करावं की जवळच्या एखाद्या दैनिकात आत्ताच लागावं. मी ते एम.ए. करून याच पट्ट्यात बातमीदारी करतो. माझं मत: करा. पण पदवी पाहून कुणी नोकरी देईल या आशेवर नको.

तालुक्याच्या वार्ताहराला पगार क्वचितच असतो. बहुतेकांचं घर जाहिरातींच्या कमिशनवर चालतं. 15 ऑगस्ट, दिवाळी, पुढाऱ्याचा वाढदिवस आला की पुरवणीचं टार्गेट येतं. साखर कारखान्याच्या ज्या चेअरमनकडून पानभर जाहिरात आणली, त्याच्या कारखान्याने एफआरपी (शेतकऱ्याला द्यायचा उसाचा किमान दर) थकवली तर ती बातमी तुम्ही कशी लिहिणार? ऊस गाळपाला दिल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाला तर 15 टक्के व्याज, असा नियम आहे. हे ठाऊक असलेला बातमीदार कारखान्याला नको असतो, शेतकऱ्याला मात्र हवा असतो.

या दबावाखाली जाण्याआधी शिकायला मिळणारी दोन वर्षं, हीच एम.ए.ची खरी किंमत. आणि शिकायचं काय, तर कागद वाचायला. पैसेवारी (गावाच्या पिकाचा सरकारी अंदाज) कशी काढतात, ती 50 पैशांच्या आत आली नाही तर गावाच्या कोणत्या सवलती जातात, रोजगार हमीच्या मस्टरवर (हजेरीपटावर) खोटी नावं कशी चढतात. वर्गात सगळं शिकवतील असं नाही, पण वेळ आणि ग्रंथालय मिळतं. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जातात हा विषय 2019 मध्ये राज्यभर गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. बायका आपसात हे कधीपासून बोलत होत्या! दवाखाने, तारखा, आकडे लावून ते वेळेत मांडणारी माणसं आपल्या भागात कमी पडली, याचं मला फार वाईट वाटतं.

पुण्याचं रानडे (पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग) चांगलंच आहे, पण राहण्या-खाण्याचा खर्च आधी मांडून बघा. नांदेडच्या विद्यापीठातही माध्यमशास्त्र आहे. पुढे प्राध्यापकी करायची असेल तर एम.ए. लागतंच; नुसत्या तीन वर्षांच्या बीएवर त्यासाठीची नेट-सेट ही पात्रता परीक्षा देता येत नाही, तेव्हा तो प्रश्नच मिटतो.

प्रवेश घेण्याआधी एकदा विभागात जाऊन या. विद्यार्थ्यांनी काढलेला प्रायोगिक अंक मागा आणि त्यातल्या किती बातम्या स्वतः फिरून आणलेल्या आहेत ते बघा. शेवटच्या वर्षाच्या मुलांना कँटीनमध्ये गाठा, खरं तेच सांगतील. आणि प्रवेशाची वाट न बघता आपल्या ग्रामपंचायतीत माहिती अधिकाराचा पहिला अर्ज टाका: एकच विषय, 150 शब्दांच्या आत, शुल्क 10 रुपये. उत्तर 30 दिवसांत यायला हवं. नाही आलं तर अपील कसं करायचं ते इथेच विचारा, मी सांगेन.